शंभर दिनारांची जागा

देवळातली पाटी फुटली त्या दिवशी विनेश चोगले गप्प बसला असता, तर जुन्यासारखी नवी पाटी आली असती आणि सुरूपाडा सुखानं नवरात्राला लागला असता. पण विनेश हायस्कुलातला कारकून. समोर यादी आली की ती तपासल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. शिवाय तो देवळाच्या कमिटीचा खजिनदार होता, आणि खजिनदाराला वर्षातून एकदा तरी आपण आहोत हे लोकांना दाखवून द्यावं लागतं.

झालं होतं ते एवढंच. मुरुडजवळच्या या कोळीवस्तीनं गावदेवीच्या देवळात नव्या लाद्या घालायला काढल्या, आणि जुनी लादी उखडताना पहार लागून भिंतीवरच्या संगमरवरी पाटीचे दोन तुकडे झाले. नव्वद साली देऊळ नव्यानं बांधलं, तेव्हाच्या देणगीदारांची ती पाटी. पहिली ओळ बाळाजी आरेकरांची, रुपये पाच हजार एक. तिथून उतरत उतरत यादी एकावन्न रुपयांपर्यंत आली होती. आणि एकावन्नच्याही खाली, पार तळाला, दादू नाक्ती, कुवेत, शंभर दिनार.

विनेशनं तुकडे जुळवले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि मोबाइलवर दिनारचा भाव बघितला. एक दिनार म्हणजे पावणेतीनशे रुपयांच्या वर. अठ्ठावीस हजारांच्या घरात देणगी देणारा माणूस इतकी वर्षं एकावन्नवाल्यांच्या पायाशी बसला होता, आणि गावात कोणालाच त्याची शरम नव्हती! संध्याकाळच्या कमिटीत विनेशनं उभं राहून हा अन्याय मांडला. दादू नाक्तींना पहिल्या ओळीत घ्या, म्हणाला. अध्यक्ष बाबाजींनी मान डोलावली. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. दादूंचा मुलगा परेश नेरूळला असतो. सभा उठायच्या आत बातमी त्याच्यापर्यंत पोचली आणि त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर जोडलेल्या हातांची रांगच्या रांग पाठवली. विनेश छाती पुढे काढून घरी आला.

घरी ताट वाढलेलं नव्हतं.

"माझ्या बापाला पहिल्या ओळीतून काढलात म्हनं?" किशोरीनं विचारलं.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. दादू वर जायचे तर कोणीतरी खाली यायलाच हवं, आणि तो कोणीतरी म्हणजे त्याचे कैलासवासी सासरे. यादी तपासताना नात्यागोत्याचा विचार करायचा नाही, असा त्याचा बाणा होता. तो बाणा हायस्कुलात ठीक होता.

"काढलं नाही गं. दुसऱ्या ओळीत येतील. मान तसाच राहील."

"मान घाला चुलीत. आयेनं काय करायचा ते सांगा."

किशोरीची आई, केसर, रोज संध्याकाळी मासळीच्या टोपल्या आवरून देवळात यायची. देवीला नमस्कार करायची, मग पाटीपाशी जाऊन बाळाजींच्या ओळीला बोट लावायची आणि ते बोट कपाळाला टेकवायची. बाळाजी गेल्यापासून यात खंड नव्हता. तिला वाचता येत नव्हतं. पण पहिली ओळ आपल्या माणसाची, एवढं पक्कं ठाऊक होतं. आता पहिल्या ओळीत दादू आला, तर सासूबाई रोज जिवंत दादूंच्या पाया पडणार, आणि बाळाजींना कोणी विचारणार नाही. बरं, तिला समजावून सांगावं, तर "तुझा नवरा खाली ढकलला, आणि तो तुझ्या जावयानं ढकलला" हे सांगायचं कोणी? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं विनेशला वाटलं. त्यानं स्वतःच्या हातानं भात वाढून घेतला.

भात खाताखाताच त्याला सुटका सुचली. देणगी नव्वद सालची, तर भाव आजचा कशाला? त्या वेळचा लावायचा! दिनार तेव्हा पन्नास रुपयांच्या आत असला की बाळाजी पुन्हा पहिल्या ओळीत. हिशेबाचा हिशेब, सासूबाईंचा मान, आणि आपलं जेवण वेळेवर.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो मुरुडला बँकेत गेला. काउंटरवर प्राप्ती नावाची नवी मुलगी होती.

"नव्वद सालचा कुवेती दिनारचा भाव हवा होता," विनेश म्हणाला.

"सर, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता."

"भावाचा झाला होता ना?"

तिला हसू आलं नाही. तिनं एक फॉर्म पुढे सरकवला. पैसे देणाऱ्याचं नाव, दादू नाक्ती. स्वीकारणाऱ्याचं नाव? विनेशनं प्रामाणिकपणे 'गावदेवी' असं लिहिलं. प्राप्तीनं ते वाचलं आणि स्वीकारणाऱ्याचं केवायसी लागेल म्हणाली. देवीचं आधार कार्ड नाही, हे विनेशनं नम्रपणे सांगितलं. मग ट्रस्टचा ठराव आणा, त्यावर अध्यक्षांची सही आणा. इथे सगळंच अडलं. बाबाजींनी पूर्वी एकदा कोणाच्या तरी पतपेढीच्या कर्जावर सही केली होती आणि तो हप्ता पुढे त्यांनीच फेडला होता. तेव्हापासून ते लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरसुद्धा सही करत नाहीत, बायकोकडून करवून घेतात.

एवढ्यात आतून मॅनेजर आले. त्यांनी फॉर्म बघितला, विनेशकडे बघितलं, पुन्हा फॉर्म बघितला.

"परकीय चलन देवळानं परस्पर स्वीकारलं? त्या वेळी परवानगी घेतली होती?"

"साहेब, त्या वेळी मी दहावीत होतो," विनेश म्हणाला, आणि तो फॉर्म आणखी कोणाला दिसायच्या आत स्वतःच खिशात घालून बाहेर पडला. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्याची गत झाली होती.

उरले हसनमियां हळदे. लाद्या त्यांच्याच दुकानातून यायच्या होत्या आणि नवी पाटीही तेच कोरून देणार होते. शिवाय ऐन उमेदीची वर्षं त्यांनी कुवेतमध्ये काढलेली. ते सांगायला ते गिऱ्हाईक शोधतच असतात.

"वल्ला, विनेश! कुठला भाव पायजे तुला?" हसनमियांनी खुर्ची पुढे ओढली. "नव्वद साली भाव एक न्हवता. मी तवा कुवेतलाच, साल्मियात होतो. जुलैपर्यंत दिनार म्हंजे राजा, साठ रुपयांच्या आसपास. ऑगस्टात इराकवाले घुसले आनि त्याच दिनारला कोन हुंगेना. बोरी भरून नोटा असल्या तरी मुंबैत चाय मिलत न्हवती. पुढल्या साली लढाई खतम, इकडं आपला रुपया पडला, तर दिनार ऐंशीच्या वर! आता तू बोल, दादूनं पैसे दिले कवा?"

विनेशनं कागदावर मांडून पाहिलं. ऑगस्टच्या आधी दिले असतील, तर सहा हजारांच्या आसपास, म्हणजे दादू पहिले. ऑगस्टनंतर दिले असतील, तर शून्य, म्हणजे दादू शेवटचे, एकावन्नच्याही खाली. आणि नोटा नंतर मोडल्या असं धरलं, तर दादू पुन्हा पहिले. एकाच शंभर दिनारांनी माणूस देवळाच्या भिंतीवर खाली-वर नाचत होता.

"यादी शुक्कारच्या, जुमेच्या आधी दे," हसनमियांनी बजावलं. "न्हाय तर देवी बसंल आनि पाटी माझ्या दुकानात बसंल."

ही भानगड गावात पसरायला वेळ लागला नाही. नूतनच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी खडूनं 'आजचा दिनार' असं लिहून खाली भाव टाकायला सुरुवात केली. ज्यांना आयुष्यात दिनार बघायला मिळाला नव्हता, ते तो दोन पैशांनी घसरला म्हणून हळहळू लागले. नूतनचं म्हणणं, जीर्णोद्धाराची वर्गणी होळीलाच गोळा झाली होती. तिच्या सासूचं म्हणणं, छे, नारळी पौर्णिमेला. तिथे बसलेल्या एकानं तर विनेशला बाजूला घेऊन सल्ला दिला, की तुमी दोन पाट्या करा, एक रुपयांची, एक परदेशी. हा माणूस उंटावरचा शहाणा म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्या आठवड्यात विनेशला तोसुद्धा बरा वाटला.

बाबाजींनी पुन्हा सभा बोलावली. परेश नेरूळहून फोनच्या स्पीकरवर हजर होता.

"काका, सिंपल हाय," फोन म्हणाला. "आजचा रेट लावा. सोना लेते टाइम आजकाच रेट लगता है ना? टेन्शन कायको?"

यावर सदा उठला. सदा म्हणजे बाळाजींचा पुतण्या, होडीवर तांडेल म्हणजे होडीचा कप्तान आहे, आणि त्याचा आवाज वाऱ्यात बोलायचा असतो.

"मंग आमच्या काकाचं पाच हजार बी आजचं करा! तवा पाच हजारात किती पापलेट यायची? तेवढ्या पापलेटचा आज भाव काढा, आन् मंग बगू कोनाचा दिनार मोठा हाय ते!"

"म्हंजे पाटीवर काय पापलेट कोरायची?" बाबाजींनी विचारलं.

हे थट्टेत होतं. पण पापलेटचं नाव निघाल्यावर कोळ्यांची सभा थोडीच थांबते. तेव्हाची पापलेट केवढी असायची, हातभर, आणि आता तळहातापुरती येतात, इथून सुरुवात झाली. मग मोठे ट्रॉलर, मग दिवे लावून मासे ओढणारे, मग मुंबईचे दलाल. दिनार बाजूला राहिला. परेशचा फोन मध्येच बंद पडला, ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. विनेशनं इतिवृत्तात 'पापलेटबाबत सविस्तर चर्चा झाली' एवढंच लिहिलं. शेवटी ठरलं ते असं, की खुद्द दादूंनाच विचारायचं, दिनार कधी दिले. ते सांगतील ती तारीख, त्या तारखेचा भाव. आणि विचारायला जाणार विनेश, कारण हे लचांड त्यानंच काढलेलं.

दादू किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत जाळं सांधत बसले होते. विनेश शेजारी वाळूत बसला. इकडचं तिकडचं बोलून त्यानं विषय काढला.

"दादूकाका, ते दिनार तुम्ही होळीला दिले की नारळी पौर्णिमेला?"

"नवरात्रात," दादू मान वर न करता म्हणाले.

नवरात्र म्हणजे ऑगस्ट उलटून गेलेला! विनेशच्या मनात ढोल वाजू लागले. भाव शून्य. बाळाजी पहिल्या ओळीत, सासूबाईंचं बोट जिथल्या तिथे, आणि हे सगळं दादूंच्या स्वतःच्या तोंडून. सुंठीवाचून खोकला गेला होता. तो उठायलाच लागला, तेवढ्यात दादूंनी जाळं मांडीवर ठेवलं.

"बस. इचारलास तर आयीक. लढाई झाली तवा आमाला वालवंटातून जॉर्डनला नेला, थितून इमानानं मुंबय. अंगावरची कापडं आन् शंभर दिनार, एवढाच उरला होता. मुंबयला दुकानदाराला दाखवला. तो बोल्ला, चाचा, कागद हाय ह्यो, घरी घेऊन जा. मी पाड्यात आयलू तर सगल्यांची नावं पाटीवर चालली होती. एवढी वर्सा कुवेतला काढली आन् मना एकावन रुपये देता येत न्हवतं. देवलामागं जाऊन रडलू मी."

विनेश पुन्हा वाळूत बसला.

"थितं तुजा सासरा आयला. आमी एका होडीवरचे. बोल्ला, किती हाय तुज्याकडं? मी बोल्लू, शंभर हाय, पन कोन घेत न्हाय. तो बोल्ला, देवी घेल. तिला कुठं बाजारात जायचा हाय?" दादू हसले. "आन् त्यानंच नाव शेवटाला टाकायला लावला. बोल्ला, वरती टाकला तर लोक भाव इचारतील. खाली कोन बगत न्हाय."

त्यांनी जाळं पुन्हा हातात घेतलं.

"इतकी वर्सा कोनी इचारला न्हवता," दादू म्हणाले. त्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच विनेशला ते जास्त लागलं. "परेशला सांगू नको. तो त्याच्या सासुरवाडीत सांगतो, माज्या बापानं देवीला दिनार घातलं म्हनून. लहानपनापासून सांगतो."

घरी परतताना विनेशनं लांबची वाट धरली. सभेत एकच वाक्य बोलायचं होतं, नवरात्रात दिले, भाव शून्य. ते खरं होतं, हिशेबात बसत होतं आणि त्याच्या घरात शांतता आणणारं होतं. पण ते बोललं की सगळा पाडा दादूंकडे बघणार, फोनवर परेश ऐकणार, आणि बाळाजींनी जे झाकून ठेवलं ते त्यांचाच जावई त्यांनाच वर चढवण्यासाठी उघडं करणार. विनेशला सासऱ्यांचा आजवर धाकच होता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्याला त्यांचा अभिमान वाटला, आणि स्वतःची थोडी लाज वाटली.

सभेत तो उभा राहिला तेव्हा सगळे तारीख ऐकायला टपून बसले होते.

"दादूकाकांना तारीख आठवत नाही," त्यानं ठोकून दिलं. "तेव्हा माझी सूचना अशी, की पाटी हजेरीपटाप्रमाणं करावी. शाळेत कसं, अ पासून नावं. कोण हुशार, कोण ढ, हजेरी घेताना बघत नाहीत. आणि आकडे नकोतच. कोणी किती दिले ते देवीला ठाऊक आहे."

मागच्या बाजूनं जोरात टाळ्या पडल्या. विनेशच्या हे आधी ध्यानात आलं नव्हतं, पण पाटीवर सगळ्यात जास्त घरं एकावन्नवाल्यांची होती, आणि पहिल्या ओळीवरून भांडणाऱ्या मोठ्या लोकांना ती केव्हाची वैतागली होती. ठराव पास झाला. द हे अक्षर ब च्या आधी येतं, म्हणून परेश खूश. सदा कुरकुरला, पण सूचना मांडणारा खुद्द काकांचा जावई, तेव्हा काय बोलणार? कुठेही सही लागत नाही हे कळल्यावर बाबाजी तर फारच खूश झाले.

किशोरीनं सगळं ऐकून घेतलं. ताट वाढलेलं होतं, पण ती समोर बसली नाही.

"ब म्हंजे पार खाली," ती म्हणाली. "तुमाला तारीख कलली होती ना? दादूकाकाकडून येताना तुमचा तोंड बगितला मी."

विनेशनं मान खाली घातली. "कळली होती. सांगता येण्यासारखी नाही."

तिनं पुढे विचारलं नाही, हे तिचे उपकार. पण भांडी घासताना ती स्वतःशीच म्हणाली, "आये कुठं हात लावंल आता?" ते त्याला झोप लागेपर्यंत ऐकू येत राहिलं. आयुष्यात एकदा त्यानं हिशेब सोडून काहीतरी बरं केलं होतं, आणि त्याची पावती घरात दाखवायची सोय नव्हती.

पाटी घटस्थापनेच्या सकाळी लागली, जुन्याच जागी. सासूबाईंना कोणी काही सांगितलं नव्हतं. तू सांग, तुमी सांगा, असं करता करता दिवस गेले होते. आरती झाली. केसरनं देवीला नमस्कार केला आणि पदर सावरत ती पाटीकडे वळली. बाबाजी, सदा, सुट्टी काढून आलेला परेश, कडेला टोपी हातात घेऊन उभे असलेले दादू, सगळे तिच्याकडे बघू लागले. किशोरी नवऱ्याकडे बघत होती. आता पळून जाण्यात अर्थ नव्हता. विनेश पुढे झाला.

"सासूबाई," तो म्हणाला, "बाबांचं नाव जरा खाली गेलंय. माझ्यामुळे."

"कुठं हाय?"

त्यानं तिचं बोट धरलं आणि खालच्या ओळींमधून नेत बाळाजींच्या नावावर ठेवलं. तिच्या छातीच्या उंचीवर होतं ते. केसरनं अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा.

"बरा झाला, जावयबापू," ती म्हणाली. "वरती माजा हात पुरत न्हवता आताशी. टाचा वर केल्या तरी न्हाय. वरीसभर त्याच्या खालच्या नावाला हात लावून भागवतंय. कोनाचा हाय तो, देवीला म्हाईत."

जुन्या पाटीवर बाळाजींच्या खालचं नाव बाबाजींचं होतं. बाबाजी हळूच खांबाआड सरकले. किशोरीनं तोंडाला पदर लावला, आणि ती हसतेय की रडतेय ते विनेशला कळेना.

केसरचं कोणाकडे लक्ष नव्हतं. तिनं बोट काढून आख्खा तळहात त्या नावावर ठेवला आणि टाचा जमिनीला टेकवून नीट उभी राहिली.

"हितंच ऱ्हा आता," ती पाटीला म्हणाली.